आरपार नाव

"पाण्यानं लोखंड कापते म्हणे. उद्या सांगतीन, हवेनं पोळ्या लाटते," तानाबाई पुटपुटली.

पुटपुटली म्हणजे तिच्या मते पुटपुटली. यवतमाळला निघालेल्या त्या बसमध्ये दोघींच्या सीटवर तिघी बसल्या होत्या. तानाबाईच्या मांडीवर बैलगाडीच्या चाकाएवढी परात होती आणि परातीत गंजांची, म्हणजे लग्नाच्या मोठ्या पातेल्यांची, तीन सपाट झाकणं. त्यामुळे ते पुटपुटणं शेजारी बसलेल्या, गावातल्याच कौसल्येच्या थेट कानात शिरलं आणि उरलेलं परातीवर आपटून पुढच्या चार सीटांपर्यंत पोचलं.

"इस्वास नाही तं मंग कायले चालली?" कौसल्या म्हणाली.

"भाचीनं बलावलं म्हणून. पोरगी म्हणते, आत्या, असं नाव टाकून देतो का मरेपर्यंत निंघणार नाही. म्हटलं पाह्यतो बाप्पा."

कंडक्टर आला. त्यानं परातीकडे पाहिलं, तानाबाईकडे पाहिलं. "या परातीचं अर्धं तिकीट लागन, मावशी."

"काहून? पाच वर्साच्या खालची आहे थे."

कंडक्टर हसला आणि पुढे गेला. तानाबाई मात्र हसली नाही. ज्या कामाला ती निघाली होती ते तिच्या लेखी हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

बोरी अरबमध्ये लग्न असो, तेरवी असो, साक्षगंध असो, मोठी भांडी तानाबाईकडून जातात. सहा गंज, चार पराती, झारे, पळ्या, पाण्याच्या टाक्या. सगळं तिनं एकेक करून जमवलेलं, आणि सगळ्यावर तिचं नाव: तानाबाई खोब्रागडे, बोरी अरब. भांडेवाल्याच्या त्या किर्रकिर्र करणाऱ्या पेननं ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं. आपल्याकडे नाव नसलेलं भांडं हे भांडं नसतंच, वाट चुकलेलं जनावर असतं. कोणीही हाकलून नेतो.

आता गंमत ऐका. गावभरातून भांडी परत यायची ती पोचे पडून, बुडाला भात चिकटून, काजळी धरून. पण नाव जागच्या जागी असायचं. एकाच घरून भांडी यायची ती आरशासारखी लख्ख, घेतली होती त्याहून स्वच्छ, आणि त्यांवरचं नाव गायब. ते घर मारोतराव ठाकऱ्यांचं. चाळीस एकरांचं, कपाशी-तुरीचं, गावातलं वजनदार घर. पहिल्यांदा झालं मारोतरावांच्या आईच्या तेरवीला. दुसऱ्यांदा त्यांच्या मुलाच्या, आयुषच्या, साक्षगंधाला. दोन्ही वेळा तानाबाईनं झाकणं तिरकी धरून उन्हात पाहिली. नावाच्या जागी बारीक ओरखड्यांचा एक गोल चट्टा होता, चंद्राला पडतो तसा.

"घासण्यात गेलं असन," कौसल्या म्हणाली होती.

"त्यायच्या बोरचं पाणी खारं आहे," दुसरी म्हणाली होती.

"राख जाडी असन," तिसरी म्हणाली होती.

बौद्धपुऱ्यातल्या प्रत्येक घराला खरं काय ते ठाऊक होतं, म्हणूनच प्रत्येक घराकडे एकेक वेगळं कारण होतं. सगळ्यांत अवघड गोष्ट अशी, की मारोतरावांची बायको विमलताई ही वाईट बाई नव्हती. वाईट असती तर तानाबाईनं तिला एका वाक्यात आडवी केली असती. विमलताई भांडी सांगायला स्वतः चालत यायची. ओट्यावर बसायची, तानाबाईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, हंगामात तुरीच्या शेंगांचं गाठोडं आणायची. तानाबाईची सून अडली होती तेव्हा मध्येच बंद पडलेली जीप हिनंच ढकलली होती, जरीची साडी खोचून. फक्त चहा विचारला की म्हणायची, "आत्ताच घेऊन निंघाली ना वं." अठ्ठावीस वर्षं ती आत्ताच चहा घेऊन निघाली होती.

आणि आता आठ दिवसांवर तिच्या लेकीचं, प्रेरणाचं, लग्न होतं. सगळी भांडी सांगून झाली होती. तानाबाईनं ठरवलं होतं, भांडायचं नाही, विचारायचं नाही, आडून बोलायचं नाही. फक्त या खेपेला भांड्याबरोबर नाव परत आलं पाहिजे. एवढंच.

*

मोनाली यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होती. आयटीआय झालेली, सव्वीस वर्षांची, पाच फुटांहून दोन बोटं कमी. तिच्या ताब्यात जे मशीन होतं ते मात्र एका खोलीएवढं होतं. सुरुवातीला तिथले पुरुष म्हणायचे, पोरीच्या हाती एवढा दाब द्यायचा? दोन वर्षांनी तेच पुरुष नोझल बंद पडलं की "मोनाली मॅडम" करत तिला शोधत यायचे. शेठनं तिला जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास आत्यासाठी दिला होता.

"हे पाह्य आत्या," मोनाली म्हणाली. "मोटारसायकलच्या टायरात हवेचा दाब किती असते? तीस पौंड. या पंपात पाण्याचा दाब असते साठ हजार."

"फुटत नाही?"

"जाड नळ्या आहेत. इकडून मोठा दट्ट्या ढकलते, तिकडून लहान दट्ट्या पाणी दाबते. मोठ्याचा सारा जोर लहानावर येते. लग्नात कोण्या जाड बाईनं तुह्या पायावर सपाट चप्पल ठेवली तं काही होत नाही, पण उंच टाचेची ठेवली तं?"

"जीव जाते."

"तसंच. तेवढा सारा जोर या भोकातून काढाचा." तिनं चिमटीतला एक खडा दाखवला. माणकाएवढा खडा आणि त्याला मधोमध भोक, सुईच्या नाकाहून बारीक. "यातून पाणी निंघते थे बंदुकीच्या गोळीहून जोरात. त्यात ही लाल वाळू खेचल्या जाते. कापाचं काम खरं वाळू करते, पाणी तिले पळवते."

तानाबाईनं वाळू हातात घेतली. कुंकवासारखी लाल, पण बोटांत करकरीत. "अन् वाळू नाही टाकली तं?"

"तं रबर कापते, फोम कापते. तोंड रुंद केलं अन् हातात बंदुकीसारखं धरलं, तं लोखंडावरचा जंग निंघते, रंग निंघते, बॉयलरच्या नळीतली वर्सावर्साची पपडी निंघते."

"मंग माही कढई घासून दे."

"कढई राहणार नाही, आत्या."

तानाबाईला एवढं सगळं ऐकून पटलं होतं असं समजू नका. तिनं मान डोलावली ती भाचीचं मन राखायला. पाणी तिनं पन्नास वर्षं पाहिलं होतं. डोक्यावर वाहिलं होतं, नळाला भांडून मिळवलं होतं. पाण्याचा स्वभाव तिला माहीत होता. पाणी फार तर भिजवतं.

मोनालीनं कॉम्प्युटरवर अक्षरं मांडली. "वरून नुसती खोदाई करतो," ती म्हणाली. "धार जल्दी फिरवली का वरचा थर तेवढा जाते."

"घासून निंघन का?"

"कोणी कानसच घेऊन बसलं तं निंघन."

तानाबाईनं वरच्या झाकणावरचा गोल चट्टा अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाली, "आरपार टाक."

"अवं आत्या, झाकण आहे थे! भोकं पडतीन."

"पडू दे. भोक कोणी घासून दाखवा."

मोनालीनं आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. तिनं अक्षरांच्या पोटात बारीक जोड ठेवले, नाहीतर 'ब'चं पोट सुटून खाली टाकीत पडलं असतं. "एका झाकणावर पाहू अगोदर," ती म्हणाली. "वरचं एकच झाकण ठेव तिथं. बाकीचे दोन अन् परात बाजूले काढ. मी पंप चालू करतो." आणि कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवून ती काचेपलीकडे गेली.

इथं घोटाळा झाला. झाकणं परातीत एकावर एक बसवलेली होती, बसमधून आणली तशीच. तानाबाईनं विचार केला, खाली आधार नसला तर झाकण हलेल, अक्षरं वाकडी येतील. खोबरं किसतानाही आपण खाली पाट घेतोच. आणि पाणी लागून लागून किती लागेल? फार फार तर पहिल्या झाकणाला. तिनं अख्खी परात तशीच उचलून मशीनच्या पट्ट्यांवर ठेवली, वरून हळूच थोपटली आणि मागे सरकली.

मग जो आवाज झाला त्याला तानाबाई पुढे कित्येक दिवस शब्द शोधत होती. हजार गृहिणी एका वेळी स्टीलच्या ताटावर चमचा ओढताहेत, असं काहीसं. धार दिसत नव्हती. दोऱ्याएवढी एक पांढरी रेघ, बस. खालच्या टाकीतलं पाणी तेवढं उसळत होतं. ना ठिणगी, ना धूर. रेघ चालत राहिली. त अक्षर झालं, त्याला काना आला.

पाच-सात मिनिटांनी आवाज थांबला. मोनाली बाहेर आली, परात पाहिली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आत्या, परात काढ म्हटलं होतं ना!"

"आधाराले ठेवली."

मोनालीनं पहिलं झाकण उचललं. तानाबाई खोब्रागडे, बोरी अरब. दुसरं उचललं. तानाबाई खोब्रागडे, बोरी अरब. तिसरं. मग परात उचलून तिनं उजेडाकडे धरली, आणि वर्कशॉपच्या फरशीवर तानाबाईचं नाव थरथरत उमटलं.

"चारीले एकदम?" तानाबाई कुजबुजली.

"इथं आम्ही बोटभर जाडीचं लोखंड कापतो, आत्या. तुह्या झाकणाले काय धरून बसली! परातीची वाट लागली ना वं. आता काय करशीन?"

तानाबाईनं अक्षरांच्या कडांवरून बोट फिरवलं. कडा थंड होत्या. तिच्या चेहऱ्यावर नुकसानीचं दुःख यायला निघालं होतं, पण वाटेत कुठंतरी त्याची दिशा बदलली.

"काय करणार?" ती म्हणाली. "लग्नाले धाडीन."

*

लग्नाच्या आदल्या दुपारी भांडी ठाकऱ्यांच्या अंगणात उतरली. विमलताईनं झाकण हातात घेतलं आणि त्यातून तिला पलीकडचा मांडव दिसला.

"अवं तानाबाई, हे भोकं पाडून आणले का वं?"

"नाव आहे, ताई."

"नाव आहे थे दिसून राह्यलं." विमलताईचा अंगठा नकळत अक्षरांवरून फिरला, जुन्या ओळखीच्या जागी फिरावा तसा, आणि एकदम थबकला. घासायला तिथं काही नव्हतंच. "पण वाफ जाईन ना यातून."

"वाफ जाईन, ताई. नाव राहीन."

विमलताईनं मारोतरावांना गाठलं. मारोतराव दारव्ह्याला, नेरला, दोन-तीन ओळखीच्यांना फोन करून बसले. ऐन मे महिना, लग्नांची गर्दी. तेवढ्या मापाची झाकणं तीन तालुक्यांत कुठेच मोकळी नव्हती. तानाबाईनं पदर खोचला आणि चुलींपाशी स्टूल टाकलं. "मी इथंच थांबतो उद्याच्या पंगती होयेपर्यंत," ती म्हणाली. "भांड्यायवर लक्ष राह्यलेलं बरं."

लग्नाच्या सकाळी आचारी नेमसिंग कामाला लागला. तांड्यावरचा हा माणूस चाळीस वर्षं गंज हलवत आलेला, पण त्यानं कापलेली परात पाहिली आणि तो ओरडलाच, "याडी ये! आई गं! बुंदीचा पाक निथळाले असं भांडं मी जिंदगीत नाही पाह्यलं!" त्यानं बुंदी परातीत ओतली, परात रिकाम्या पातेल्यावर ठेवली, आणि पाक तानाबाईच्या नावातून बारा-तेरा धारांनी खाली उतरू लागला. "ही परात मले देऊन टाका, ताई."

"नाव माहं आहे, भाऊ."

"नावासकट द्या."

विमलताईला मात्र बुंदी गोड लागणार नव्हती. साडेदहाला वरात येणार होती. नेरचे व्याही बळीरामजी, त्यांचे भाऊबंद, मोठा मान. आणि वरणाच्या गंजावर झाकण होतं, आणि झाकणातून वाफ निघत होती ती अक्षराअक्षरातून, जणू गंज नाव घेऊन घेऊन श्वास सोडत होता.

तिनं आधी झाकण उलटं ठेवलं. नाव उलटं झालं, पण नाव ते नावच. शिवाय ते आता आरशात पाहिल्यासारखं दिसत असल्यामुळे जो तो थांबून वाचत होता. मग तिनं वर केळीचं पान पसरलं. पाच मिनिटांत वाफेनं पान जिथं भोकं होती तिथंच काळपट पडलं, आणि हिरव्या पानावर ठसठशीत नाव उमटलं. मग तिनं पाट ठेवला. पाट वाफेनं गुडगुड वाजू लागला आणि नेमसिंगनं तो उचलून बाजूला टाकला. "वरण उतू जाईन, ताई. लग्न तुमचं आहे, वरण माहं आहे."

शेवटी विमलताईनं कणकेचा गोळा घेतला. पण तो थापताना तिनं जे केलं ते तानाबाईनं स्टुलावरून नीट पाहिलं. 'तानाबाई' मोकळं ठेवलं. 'बोरी अरब'वर कणीक थापली, कारण ते 'खोब्रागडे'ला लागूनच होतं. आणि 'खोब्रागडे'वर दुहेरी थापली. तानाबाई म्हणजे कोणीही असू शकते. खोब्रागडे म्हणजे कोण, ते नेरलाही कळतं.

नेमसिंगकडे पाहून तानाबाईनं नुसतं विचारलं, "कणीक जास्त झाली का, भाऊ?"

"आज घरात सगळंच जास्त आहे," नेमसिंग म्हणाला.

कणीक वाळावी म्हणून विमलताईनं झाकण उचललं आणि कनातीच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा बेतानं, बांबूला टेकवून उभं केलं. लपवायला तिनं जागा निवडली होती ती नेमकी व्याह्यांच्या बैठकीच्या पाठची. आणि तिथं ऊन मागून येत होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

वरात आली. बळीरामजी गादीवर टेकले. पाणी झालं, सुपारी झाली. मारोतराव समोर बसले आणि पाहतात तो व्याह्यांच्या डोक्यावर, पांढऱ्या कनातीवर, ठळक अक्षरांत उन्हानं लिहिलं होतं: तानाबाई. मारोतरावांच्या हातातली सुपारी खाली पडली. त्यांची नजर कुठं खिळली ते पाहायला बळीरामजीही वळले.

"वा!" बळीरामजी म्हणाले. "लायटिंग झकास केली, मारोतराव. पण आपल्या पोरीचं नाव तं प्रेरणा आहे. ही तानाबाई कोण?"

मारोतराव चाळीस एकरांचे मालक होते, ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आले होते, बाजार समितीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण आता जे पहिलं सुचलं तेच त्यांनी सांगून टाकलं.

"देवी आहे."

"देवी?"

"घरची. आमच्या कुळाची. शुभकार्यात... असं नाव काढाची पद्धत आहे आमच्यात."

"मंग अगोदर सांगाचं ना!" बळीरामजी उठलेच. भाविक माणूस. "अगोदर दर्शन, मंग जेवण. अहो, नारळ आणा कोणी. कुठी आहे ठाणं?"

"ठाणं... स्वयंपाकाच्या जागी आहे," मारोतराव म्हणाले, कारण एकदा खोटं बोललं की पुढचं खोटं आपोआप जवळचंच सापडतं.

झाकण तोवर पुन्हा गंजावर गेलं होतं. वरण झाकल्याशिवाय शिजवायला नेमसिंग तयार नव्हता. व्याही, विहीणबाई, त्यांच्या मागे पंधरा-वीस पाहुणे आणि त्यांच्याही मागे ठाकऱ्यांच्या घरच्या बाया हळदीकुंकवाचं ताट घेऊन, अशी मिरवणूक चुलींपाशी आली. ताट विमलताईच्या हातात होतं. तिचा चेहरा कणकेसारखा झाला होता.

तानाबाई पळी घेऊन गंजाशेजारी उभी होती. बळीरामजींनी तिला ओलांडून झाकणापुढे हात जोडले. विहीणबाईंनी 'ता'च्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. एकानं नारळ फोडला. पाणी तापल्या झाकणावर चर्र झालं.

"देवी कडक दिसते," बळीरामजी आदरानं म्हणाले.

"कडकच आहे," नेमसिंगनं दुजोरा दिला.

तानाबाई नेमसिंगच्या कानाशी झुकली. "देवी आहो तं नैवेद्य अगोदर मले पाह्यजे. सकाळपासून पोटात काही नाही, भाऊ."

आता कणकेचं म्हणाल, तर तिचाही एक स्वभाव आहे. खालून वाफ मिळाली की ती फुगते. दुहेरी थापलेली कणीक आधी वरून कडक झाली, मग पुरीसारखी मधोमध उचलली, आणि बळीरामजी दुसऱ्यांदा वाकले तेव्हा टप्प करून सुटली आणि त्यांच्या जोडलेल्या हातांत येऊन पडली. प्रसाद समजून त्यांनी ती कपाळाला लावली. मग झाकणाकडे पाहिलं. कणकेखालून तीन शब्द मोकळे झाले होते, आणि अडून राहिलेली सगळी वाफ आता तिथूनच जोरात निघत होती.

"खो... ब्रा... गडे," बळीरामजींनी डोळे बारीक करून वाचलं. "तानाबाई खोब्रागडे. बोरी अरब."

वरण खदखदत होतं.

"देवीले आडनाव असते का हो, मारोतराव?"

"असते," मारोतराव कसेबसे म्हणाले. "काही काही देवींले असते."

"अन् पत्ता बी?"

"ऊन लय आहे आज," कोणीतरी म्हणालं.

"पोळ्या झाल्या का पाहा ना," दुसरं कोणी म्हणालं.

"खारं पाणी आहे इकडचं," तिसऱ्यानं सांगितलं, कारण नसताना.

आणि मग सगळ्यांनी तानाबाईकडे पाहिलं. ती नेहमी सांभाळून घ्यायची. तेरवीनंतर विमलताई खाली मान घालून भांडी परत द्यायला आली होती, तेव्हा तीच म्हणाली होती, 'जाऊ द्या ताई, घासण्यात जातेच.' आताही तिनं एखादं हलकं वाक्य टाकलं असतं, तर सगळे हसले असते आणि पंगत बसली असती. तानाबाईनं पळी वरणात घातली आणि सावकाश ढवळत राहिली. मान मात्र वर होती.

विमलताईनं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं.

"देवी नाही, भाऊ," ती बळीरामजींना म्हणाली. "बाई आहे. ही उभी आहे, थे. भांडे हिचे आहेत."

"विमल," मारोतराव म्हणाले.

"थांबा तुम्ही." तिनं उजवा हात पुढे केला. "बुढीच्या तेरवीले अन् आयुषच्या साक्षगंधाले, दोन्ही खेपेस हिचं नाव मी घासलं. कानस घेऊन, या हातानं. बौद्धायच्या भांड्यातलं लोकं जेवणार नाही, म्हणून घासतो, असं मी घरात सांगितलं." ती तानाबाईकडे वळली. "लोकायचं नुसतं निमित्त होतं, तानाबाई. मलेच जात नव्हतं घशाखाली. तुह्या घरचा चहा बी."